शोधप्रबंध लिहिताना एआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर प्रबंध किंवा पीएचडीचं काम करणारे विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. हवं ते उत्तर थेट वाचता येईल. जोडीने दुसरं उत्तर वाचायला हवं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. तुमच्या संस्थेचा लेखी नियम आणि इथलं उत्तर यांत फरक पडला, तर संस्थेचा नियम पाळा.

१. एआय वापरायला परवानगी आहे की नाही? एका वाक्यात सांगा.

कशासाठी वापरताय, त्यावर ते ठरतं. नियम तीन ठिकाणी शोधावे लागतात: तुमची संस्था किंवा विभाग, ज्या नियतकालिकाला लेख पाठवणार ते, आणि शिष्यवृत्ती वा निधी देणारी संस्था. तिन्ही वाचा आणि त्यांतला सगळ्यांत कडक नियम धरून चाला. नियमच सापडला नाही, तर "लिहिलेलं नाही म्हणजे चालतं" असं समजू नका. मार्गदर्शकांना ई-मेल करून विचारा: अमुक टूल अमुक कामासाठी वापरू का? तोंडी दिलेला होकार तीन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. ई-मेल मात्र राहतो.

२. चॅटबॉट आणि सर्च इंजिन यांत फरक काय? दोन्हीकडे आपण प्रश्नच विचारतो ना?

सर्च इंजिन कुठेतरी असलेलं पान शोधून तुमच्यापुढे ठेवतं. चॅटबॉटमागचं भाषिक मॉडेल मात्र प्रचंड मजकुरावरून शिकलेलं असतं आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ठरवत ठरवत उत्तर रचत जातं. ते रचताना 'हे खरं आहे का' अशी वेगळी तपासणी आपोआप होत नाही. म्हणूनच त्याचं चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतकंच सफाईदार असतं. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये खास वैज्ञानिक साहित्यावर शिकवलेलं 'गॅलॅक्टिका' हे मॉडेल लोकांसमोर आणलं आणि तीन दिवसांत त्याचं जाहीर प्रात्यक्षिक बंद केलं, कारण ते शास्त्रीय थाटात धादांत चुकीचा मजकूर लिहीत होतं. तेव्हा शोधनिबंधांवर शिकवलेलं मॉडेल असलं म्हणजे विश्वासार्ह, असा अर्थ काढता येत नाही.

आता बरेच चॅटबॉट वेबवर शोध घेऊन दुवे देतात. त्याने फरक पडतो, पण दुव्यातल्या पानावर खरोखर तेच म्हटलं आहे का, हे पाहण्याचं काम तुमच्याकडेच राहतं.

३. चॅटबॉटने दिलेला संदर्भ खरा आहे हे कसं ओळखायचं?

खोटे संदर्भ तीन प्रकारचे दिसतात. पहिला: लेखच अस्तित्वात नाही. दुसरा: लेखक खरे, नियतकालिक खरं, पण त्या लेखकांनी त्या नावाचा लेख कधी लिहिलेलाच नाही. तिसरा: लेख खरा आहे, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडतो, फक्त चॅटबॉटने त्याच्या तोंडी घातलेलं विधान त्यात नाही. पहिले दोन पाच मिनिटांत पकडता येतात. प्रबंध अडचणीत येतो तो तिसऱ्यामुळे, कारण संदर्भसूची तपासणाऱ्याला तिथे काहीच वावगं दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. डीओआय उघडा. शीर्षक जसंच्या तसं शोधा. खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेशी ताडून पाहा. मग लेख उघडा आणि तुमच्या वाक्याला आधार देणारा परिच्छेद स्वतः शोधा. तो सापडला नाही, तर संदर्भ काढून टाका, वाक्य कितीही आवडतं असलं तरी.

आणि त्याच चॅटबॉटला "हा संदर्भ खरा आहे का?" असं विचारून पडताळणी होत नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 'माटा विरुद्ध एव्हियांका' या प्रकरणात वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. त्यांनी सादर केलेले काही निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते. हे निवाडे खरे आहेत का, असं त्यांच्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने होकार दिला होता.

४. फक्त इंग्रजी सुधारायला वापरलं तर चालतं का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि त्यामागची घालमेल मला कळते. विषय पक्का माहीत असूनही केवळ भाषेपायी लेख परत आला, तर ते फार लागतं. बहुतेक ठिकाणी व्याकरण, शुद्धलेखन आणि वाक्यरचनेची दुरुस्ती मान्य आहे. स्प्रिंगर नेचरसारखे प्रकाशक तर निव्वळ भाषिक संपादनासाठी घेतलेली मदत जाहीर करण्याचीही सक्ती करत नाहीत. तुमची संस्था मात्र तशी सक्ती करू शकते.

अडचण होते ती दुरुस्ती आणि पुनर्लेखन यांमधली रेघ पुसट झाली की. पूर्ण परिच्छेद देऊन "हे चांगलं करून दे" म्हटलं, की तुमचा अर्थही हलतो. "संबंध असू शकतो" याचं "परिणाम होतो" होऊन जातं. "आमच्या नमुन्यात" हे शब्द गळतात आणि विधान साऱ्या जगाला लागू होतं. संशोधकाने जपून ठेवलेली शंका भाषेच्या सफाईत वाहून जाते, आणि नेमकी तीच शंका परीक्षक शोधत असतो.

मी सुचवते ती पद्धत थोडी कष्टाची आहे. आधी स्वतः लिहा, जमेल तशा इंग्रजीत. एका वेळी एकच परिच्छेद द्या आणि नवीन मजकूर मागू नका. चुकांची यादी आणि प्रत्येक चुकीचं कारण मागा. दुरुस्त्या स्वतःच्या हाताने करा. सहा महिन्यांत त्याच चुका कमी झालेल्या दिसतील. मूळ मसुदा पुसू नका; त्याचा उपयोग प्रश्न १४ मध्ये कळेल.

५. प्लेजरिझम रिपोर्टमधला टक्का कमी करायला एआयने पॅराफ्रेज केलं तर?

नको. रिपोर्ट फक्त जुळणारे शब्द मोजतो. कल्पना दुसऱ्याची असेल आणि श्रेय दिलेलं नसेल, तर टक्का शून्यावर आला तरी ते वाङ्मयचौर्यच. शिवाय यंत्राने बदललेले शब्द स्वतःच चहाडी करतात. २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशित लेखांमधली अशी विचित्र शब्दयोजना उघड केली: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल'. असे शब्द शोधूनच पुढे अनेक संशयास्पद लेख सापडले.

६. लिटरेचर रिव्ह्यू एआयकडून करून घेता येईल का?

शोधायला मदत घ्या, वाचायला नको. एखाद्या संकल्पनेला वेगवेगळ्या विद्याशाखांत कोणकोणती नावं आहेत, डेटाबेसमध्ये कोणते शब्द टाकून पाहावेत, कुठला उपविषय आपल्या नजरेतून सुटला असेल, हे विचारण्यासाठी चॅटबॉट खरोखर उपयोगी आहे. सापडलेल्या लेखांपैकी आधी कोणते वाचायचे हे ठरवायला सारांशही चालतो. मात्र जो लेख तुम्ही स्वतः वाचलेला नाही, तो संदर्भसूचीत जाता कामा नये.

यंत्राच्या वाचनात चुका कशा मुरतात याचं एक उदाहरण नेहमी सांगते. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' नावाचं कोणतंही तंत्र नाही. १९५० च्या दशकातला एक दोन स्तंभांचा लेख स्कॅन करताना शेजारशेजारच्या स्तंभांतले शब्द एकमेकांना चिकटले आणि हा शब्दप्रयोग जन्माला आला. नंतर तो प्रकाशित लेखांत दिसू लागला, मॉडेलच्या प्रशिक्षण-मजकुरात शिरला आणि आता मॉडेलही तो निर्धास्तपणे पूर्ण करून देतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी जाणणारा माणूस तो वाचताक्षणी थांबला असता.

लेखाची पीडीएफ अपलोड करण्याबद्दल: ग्रंथालयाच्या वर्गणीतून मिळालेले लेख बाहेरच्या एआय सेवेवर टाकायला काही प्रकाशकांचे करार मनाई करतात. ग्रंथपालांना विचारा, त्यांना ते ठाऊक असतं.

७. मग मनमोकळेपणाने वापरावं असं काहीच नाही का?

आहे की. न समजलेली संकल्पना तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर समजावून घ्या. तुमच्या संशोधन-प्रश्नावर कठोर आक्षेप घ्यायला सांगा. प्रकरणाचा आराखडा देऊन क्रम कुठे तुटतो ते विचारा. व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) सराव करा. फक्त एक ओळखून असा: ही मॉडेल विचारणाऱ्याच्या बाजूने झुकतात. "माझी मांडणी कशी वाटली?" म्हटलं की कौतुक येतं. "ही मांडणी नाकारणाऱ्या परीक्षकाची तीन कारणं लिही" म्हटलं की कामाचं काही हाती लागतं.

८. आर किंवा पायथनचा कोड लिहून घेतला. चाललाही. आता काय तपासायचं?

कोड चालला म्हणजे एरर आली नाही, इतकंच कळलं. दोन फाइली जोडताना काही सहभागींच्या दुहेरी ओळी झाल्या, तर ३०० चा नमुना ३४० होतो आणि प्रोग्राम हूं की चूं करत नाही. रिकाम्या नोंदी गुपचूप गाळल्या जातात. त्याच व्यक्तींची आधीची आणि नंतरची मोजमापं असताना जोडीजोडीने तुलना करणाऱ्या 'पेअर्ड' टी-टेस्टऐवजी (सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) स्वतंत्र गटांची टी-टेस्ट लावलेली असते. प्रत्येक पायरीनंतर ओळींची संख्या छापून पाहा. दहा ओळींचा लहानसा डेटा बनवा, उत्तर हाताने काढा आणि कोडचं उत्तर तेच येतं का बघा. कोणती चाचणी का निवडली, हे सांख्यिकीच्या पुस्तकावरून स्वतःला पटवून द्या.

मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजची (तयार कोडच्या संचाची) नावं सुचवतं. तशा नावाने कुणीतरी घातक पॅकेज टाकून ठेवलेलं असू शकतं, म्हणून अनोळखी नाव थेट इन्स्टॉल करू नका.

९. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण किंवा मजकूर चॅटबॉटमध्ये टाकू शकते का? नावं काढून टाकली आहेत.

या एका मुद्द्यावर मी अजिबात सैल बोलणार नाही. ती माहिती तुमची नाही. ती तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेली आहे. संमतीपत्रात सहभागीला काय सांगितलं होतं ते आधी वाचा. 'माहिती फक्त संशोधक आणि मार्गदर्शक पाहतील' असं लिहिलं असेल, तर बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर ती पाठवणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं.

नाव काढलं म्हणून ओळख पुसली जात नाही. पद, गावाचा आकार, दुर्मिळ आजार, एखाद्या घटनेचं वर्ष, एवढ्यावरून ओळखीचा माणूस बरोबर ओळखतो. सेटिंगमध्ये 'माझ्या संवादावरून मॉडेल शिकवू नका' हा पर्याय निवडला, तरी मजकूर त्यांच्याकडे पोचतो आणि काही काळ साठवला जाऊ शकतो.

मार्ग आहेत. संस्थेने करार करून घेतलेली सेवा असेल तर ती वापरा. स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटविना चालणारं मॉडेल वापरता येतं. काम अजून सुरू व्हायचं असेल, तर एथिक्स कमिटीच्या अर्जात आणि संमतीपत्रात एआयचा उल्लेख आत्ताच करा. मुलाखती होऊन गेल्या असतील, तर कमिटीला लिहून विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

ध्वनिमुद्रणावरून मजकूर तयार करतानाही कान हवाच. ओपनएआयच्या 'व्हिस्पर' या प्रणालीवर २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात सुमारे १ टक्का तुकड्यांत कुणी बोललेलंच नाही अशी अख्खी वाक्यं आढळली. बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त घडत होतं. ज्या मुलाखतीत सहभागी रडून थांबतो किंवा शब्द शोधत राहतो, तीच मुलाखत यंत्र बिघडवण्याची शक्यता अधिक.

१०. मुलाखती मराठीत आहेत, प्रबंध इंग्रजीत. भाषांतर एआयने केलं तर?

प्रश्न ९ मधली परवानगी मिळाली आहे असं धरून सांगते. कच्च्या मसुद्यासाठी करा, पण विश्लेषण मूळ मराठीवरच करा. "आमचं हातावर पोट आहे" या वाक्यात रोजची कमाई, उद्याची अनिश्चितता आणि ते सांगण्यातला ताठपणा, तिन्ही आहेत. भाषांतरात नुसतं 'गरीब' उरलं तर तुमचा निष्कर्षच पातळ होतो. "साहेबांनी हात वर केले" याचं शब्दशः भाषांतर झालं तर जबाबदारी झटकल्याचा पुरावाच नाहीसा होतो. आदरार्थी "ते म्हणाले" हे एका माणसाबद्दल आहे की अनेकांबद्दल, यातही यंत्र घोळ घालतं. प्रबंधात उद्धृत करणार ते प्रत्येक वाक्य स्वतः भाषांतरित करा, शेजारी मूळ ठेवा आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या.

११. चॅटजीपीटीला सहलेखक करावं का? नाहीतर श्रेय न दिल्यासारखं होतं.

नाही. प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती आयसीएमजेईने मे २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. लेखकाने मजकुराची जबाबदारी घ्यायची असते, हितसंबंध जाहीर करायचे असतात, चूक निघाली तर उत्तर द्यायचं असतं. साधन यातलं काही करू शकत नाही. वापर सांगायचा, पण लेखकांच्या यादीत नव्हे.

१२. मग वापर कुठे आणि कसा लिहायचा?

आयसीएमजेईची विभागणी मला सोयीची वाटते: लेखनासाठी मदत घेतली असेल तर ऋणनिर्देशात, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा आकृतीसाठी घेतली असेल तर संशोधन-पद्धतीच्या प्रकरणात. "एआयची मदत घेतली आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. असं लिहा:

"प्रकरण २ आणि ५ मधील इंग्रजी व्याकरणाच्या दुरुस्त्यांसाठी अमुक टूलची अमुक आवृत्ती अमुक कालावधीत वापरली. सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती मी तपासून स्वीकारली वा नाकारली. संदर्भ, विश्लेषण आणि निष्कर्ष यांसाठी हे टूल वापरलेलं नाही."

हे शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिता येत नाही. पहिल्या दिवसापासून एक साधी नोंद ठेवा: तारीख, टूल, काय विचारलं, काय घेतलं, कसं तपासलं. चॅटबॉटचं उत्तर हाच तुमच्या अभ्यासाचा विषय असेल, तरच तो संदर्भ म्हणून द्या आणि पूर्ण संवाद परिशिष्टात जोडा. एखाद्या तथ्याचा आधार म्हणून त्याचा संदर्भ देऊ नका. मूळ स्रोत गाठा.

१३. आकृत्या एआयने काढल्या तर?

सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा, प्रयोगशाळेतल्या जेल-चाचणीचं चित्र, छायाचित्र असा जो काही पुरावा आहे, त्याला हात लावू देऊ नका. संकल्पनाचित्रंही बरीच नियतकालिकं स्वीकारत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्सच्या एका नियतकालिकात उंदराचं शरीररचनेशी काही संबंध नसलेलं, निरर्थक अक्षरांच्या खुणा असलेलं एआय-चित्र छापून आलं. तो लेख काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. तक्ता किंवा प्रवाहचित्र स्वतः काढणं तसंही लवकर होतं.

१४. मी स्वतः लिहिलंय आणि डिटेक्टर म्हणतो एआयने लिहिलं. आता?

असा ई-मेल आला की मला वाईट वाटतं, कारण लिहिणारा आधीच कोलमडलेला असतो. डिटेक्टरचा आकडा हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 'टोफेल' या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के एआयचे ठरवले गेले. साधे, अपेक्षित शब्द वापरणारं लिखाण या यंत्रांना यंत्राचं वाटतं, आणि दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस बहुधा तसंच लिहितो. खुद्द ओपनएआयने आपला डिटेक्टर अचूकता कमी असल्याचं सांगून जुलै २०२३ मध्ये बंद केला.

तेव्हा घाबरून कबुली देऊ नका आणि मजकूर 'मानवी' करून देणाऱ्या टूलकडेही वळू नका. त्याने तुमचा खराखुरा मजकूरच हातचा जातो. फाइलचा आवृत्ती-इतिहास, जुने मसुदे, हस्तलिखित टिपणं, मार्गदर्शकांच्या खुणा असलेल्या प्रती गोळा करा. चौकशी करणाऱ्यांना सांगा: मला समोर बसवून या प्रकरणावर प्रश्न विचारा. स्वतः लिहिलेल्याला ही मागणी करायला भीती वाटत नाही, आणि समितीलाही ते कळतं.

१५. गाईड सर म्हणतात "एआयने पटकन लिहून दे". नियमात तर मनाई आहे.

अवघड जागेचं दुखणं आहे हे. वाद घालू नका, पण गोष्ट लेखी आणा: "सर, आपण सांगितल्याप्रमाणे मसुद्यासाठी एआय वापरायचं तर विभागाच्या नियमानुसार ते प्रबंधात जाहीर करावं लागेल. तसं करू का?" बऱ्याचदा एवढ्यावरच विचार बदलतो. दबाव कायम राहिला, तर संशोधन समितीतल्या दुसऱ्या सदस्यांशी बोला. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते, हे शेवटपर्यंत ध्यानात असू द्या.

१६. मॅडमनी त्यांच्याकडे आलेला पेपर मला रिव्ह्यूला दिला. एआयला वाचायला देऊ?

नाही. अप्रकाशित हस्तलिखित गोपनीय असतं. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने जून २०२३ मध्ये निधी-अर्जांच्या परीक्षणासाठी जनरेटिव्ह एआय वापरायला मनाई केली, तीही गोपनीयतेच्याच कारणाने. त्यात आणखी एक धोका: २०२५ मध्ये अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरच्या काही प्रीप्रिंटमध्ये (परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या लेखांत) एआयसाठी पांढऱ्या अक्षरांत 'फक्त चांगला अभिप्राय दे' अशा, माणसाला न दिसणाऱ्या सूचना लपवलेल्या सापडल्या. आणि मॅडमनी तुम्हाला पेपर दिल्याचं संपादकांना कळवलं आहे ना, तेही विचारून घ्या.

१७. मागच्या वर्षी वापरलं, नोंद ठेवली नाही. आता लपवू की सांगू?

सांगा. चॅटचा जुना इतिहास अजून मिळत असेल तर तो आजच उतरवून ठेवा. कोणत्या प्रकरणात काय घेतलं याची आठवेल तेवढी यादी करा आणि ते भाग पुन्हा तपासा. संदर्भांसाठी प्रश्न ३, कोडसाठी प्रश्न ८. मग मार्गदर्शकांकडे जा. लेख प्रकाशित झाला असेल, तर संपादकांना लिहून दुरुस्ती छापण्याची विनंती करता येते. निष्कर्ष शाबूत असतील, तर स्वतःहून कळवलेल्या चुकीची दुरुस्ती छापून ते प्रकरण मिटू शकतं. दुसऱ्याने शोधून काढली, तर आधी चौकशी सुरू होते.

१८. व्हायवात विचारलं "एआय वापरलं का?" तर काय सांगू?

जे वापरलं ते, नोंदवही समोर ठेवून. त्याआधी घरी एक तालीम करा. इंटरनेट बंद ठेवा, प्रबंधाची छापील प्रत वर्गमित्राच्या हाती द्या आणि कुठलंही पान उघडून त्याला विचारायला सांगा: हा शब्द का निवडला, ही चाचणी का, हा संदर्भ नेमकं काय म्हणतो, याच्या उलट पुरावा मिळाला असता तर काय केलं असतं? जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने खूण करा. ती पानं एआयने लिहिलेली असोत वा तुम्ही, सादर करण्याआधी मूळ लेख आणि मूळ डेटा घेऊन पुन्हा लिहायला बसा. यासाठी सादर करण्याच्या तारखेआधी निदान दोन महिने हाताशी ठेवा.